कौसाबाईंचा होकार

कौसाबाई पहिल्यांदा माझ्यासमोर बसल्या, तेव्हा मी त्यांना सफरचंदाचं चित्र दाखवलं आणि विचारलं, "मावशी, हे काय आहे?"

"हाव," त्या म्हणाल्या.

मी चावीचं चित्र पुढं केलं. "हाव." घोड्याचं केलं. "हाव, हाव." आमच्या भागात होकाराला हाव म्हणतात. मला वाटलं, त्यांना प्रश्नच कळत नसावा. म्हणून जरा वेगळं विचारून पाहिलं. "मावशी, तुमचं नाव सुंदराबाई ना?"

"हाव," असं त्या म्हणाल्या आणि लगेच त्यांचा चेहरा ओशाळला. उजवा हात जड होता, म्हणून डाव्या हातानं त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हलकी चापट मारली. नाव चुकलं होतं आणि ते त्यांना कळलं होतं. दुरुस्त करायला त्यांनी तोंड उघडलं, तर पुन्हा "हाव"च बाहेर पडलं.

सोबत त्यांचा मुलगा भागवत होता. तो म्हणाला, "मॅडम, घरी बी असंच हाय. जेवली का म्हणलं तरी हाव, उपाशी हाईस का म्हणलं तरी हाव. आमी कोणता खरा धरावा?"

परभणीत एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत मी वाचा-उपचार करते. माझ्याकडे येतात ती बहुतेक उशिरा बोलणारी किंवा अडखळत बोलणारी लहान मुलं. लकवा झालेली माणसं फार कमी येतात. घरचे लोक त्यांच्या हातापायाचा व्यायाम करवून घेतात, आणि बोलणं येईल हळूहळू, म्हणून सोडून देतात. त्यामुळं कौसाबाईंबद्दल मला पहिल्या दिवसापासून कुतूहल होतं. त्या दिवशी मी माझ्या वहीत त्यांचे निरनिराळे हाव लिहून काढले. कंटाळ्याचा हाव वेगळा होता, रागाचा वेगळा, 'अगं तसं नाही' असं सांगणारा वेगळा. शब्द एकच होता, पण त्याच्यामागं एक अख्खी बाई बसलेली होती आणि ती आतून दार वाजवत होती.

ती बाई कोण, हे मला हळूहळू भागवतकडून कळलं. पोखर्णीच्या अलीकडं त्यांचं गाव. दोन एकर रान. नवरा वारल्याला बरीच वर्षं झालेली. घरात भागवत, त्याची बायको सुनीता, आणि परभणीत नर्सिंगला शिकणारी धाकटी मुलगी वर्षा. कौसाबाई बायकांच्या टोळीच्या मुकादम होत्या. खुरपणी असो की कापसाची वेचणी, गावातले शेतकरी सकाळी त्यांना फोन करायचे. कुणाला पाच बाया पाहिजेत, कुणाला तीन. कौसाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. चहा होईपर्यंत सगळी वाटणी त्यांच्या डोक्यात झालेली असायची. जिचं लेकरू अंगावर पितं तिला गावाजवळचं रान, जिचे गुडघे दुखतात तिला वेचणीऐवजी खुरपणी, ज्या दोघींचं भांडण आहे त्यांच्या पाती लांब लांब. पात म्हणजे खुरपताना एकेकीच्या वाट्याला आलेला पट्टा. आपलंच रान आधी, म्हणून कुणी फोनवर आवाज चढवला, तर त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: "कुणाचं रान बोंबलायलंय ते आधी बघती, कुणाचं तोंड बोंबलायलंय ते मंग."

श्रावणात एका दुपारी कापूस खुरपताना त्यांच्या हातातून खुरपं गळालं. त्या काहीतरी बोलल्या, पण शेजारच्या पातीवरच्या मथुराला वाटलं, कौसाबाई गंमत करायल्यात. ती हसली. कौसाबाई पुन्हा तसंच बोलल्या आणि मग बसल्याजागी कलंडल्या. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. पाय बराचसा परत आला, हात अर्धा आला. बोलणं मात्र तेवढ्या एका शब्दावर येऊन थांबलं.

सफरचंद आणि घोडा मी दुसऱ्याच आठवड्यात कपाटात ठेवून दिले. भागवतनं मोबाइलवर घरातल्या-रानातल्या वस्तूंचे फोटो काढून आणले. खुरपं, पाटी, कळशी, तुरीच्या शेंगा, विळा, चहाची किटली. आम्ही दर खेपेला त्याच वस्तूंवर काम करायचो. मी शब्दाचा पहिला आवाज द्यायचा, त्यांनी पुढचा शोधायचा. कधी वाक्य अर्धं सोडायचं, "रानात जाताना डोक्यावर..." आणि त्यांनी ते पुरं करायचं. तीन-चार महिन्यांत खोलीतल्या टेबलावर त्यांना बऱ्याच वस्तूंची नावं यायला लागली. उशिरा यायची, पण यायची. मी खूश होते.

तेवढ्यात भागवतनं एक सवाल टाकला. "मॅडम, एक इचारू? आई इथं बोलती अन् घरी गेली की पुन्हा हाव. शब्द इथंच ठिवून येती का काय?"

तो हसत बोलला, पण मला तो प्रश्न रात्रंदिवस छळत राहिला. म्हणून एका रविवारी मी त्यांच्या घरीच गेले.

अंगणात पत्र्याच्या सावलीला कौसाबाई बाजेवर बसल्या होत्या. मी कोपऱ्यात खुर्ची घेतली आणि म्हणाले, मी नाही असं समजा, रोजच्यासारखं चालू द्या. तसं चालू झालं. आत टीव्ही सुरू होता. सुनीतानं चुलीवरून विचारलं, "आत्या, भाजी कोणती करू, वांगं का मेथी?" कौसाबाईंचे ओठ हलायला लागले. तेवढ्यात भागवतनं विचारलं, "आई, गोळी घेतली का?" त्यांनी मान भागवतकडं वळवली. तोवर शेजारची म्हातारी दारातून आत आली. "कौसाबाई, पाय अजून दुखतो का गं?"

"वांगं," कौसाबाई तिला म्हणाल्या.

सगळे खळखळून हसले. कौसाबाईही हसल्या. मग बाकीचे आपापल्या कामाला लागले आणि त्या एकट्याच जमिनीकडं बघत राहिल्या.

मला मात्र त्या एका वांग्यानं उकल झाल्यासारखं वाटलं. शब्द आला होता. बरोबर आला होता. पण तो पोचेपर्यंत प्रश्न पुढं निघून गेला होता, आणि कौसाबाईंना मागचा प्रश्न सोडून पुढचा धरता आला नव्हता. खोलीत मी एका वेळी एकच गोष्ट विचारत होते, शांतपणे, एकाच पद्धतीनं. घर तसं चालत नाही. घरात एक गोष्ट ध्यानात ठेवून दुसरी ऐकावी लागते, ओठावर आलेलं चुकीचं उत्तर अडवावं लागतं, आधी काय आणि मग काय ते ठरवावं लागतं. आमच्या शास्त्रात याला मेंदूची कार्यकारी क्षमता म्हणतात. मी मनात तिला मुकादमी म्हणायला लागले. मी कौसाबाईंना एकेक शब्द परत आणून देत होते, पण कुणी उठायचं आणि कुणी बसायचं ते सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकले, त्या बाईंना मी फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मग दोन्ही एकत्र करून बघ की. भाषा वेगळी आणि नियोजन वेगळं असं नको. बोलताना ठरवायला लाव, आणि ठरवताना बोलायला लाव. गुण येईलच असं मी म्हणणार नाही. नोंदी मात्र नीट ठेव."

मी शर्टाच्या गुंड्यांची डबी आणली. आधी रंगाप्रमाणे गुंड्या लावायच्या, मग मध्येच नियम बदलायचा आणि आकाराप्रमाणे लावायच्या. रंगाप्रमाणे कौसाबाईंनी भराभर लावल्या. नियम बदलल्यावर मान डोलावली, हाव म्हणाल्या, आणि पुन्हा रंगाप्रमाणेच लावत राहिल्या. मी थांबवलं, दाखवलं. पुन्हा तेच. चौथ्या खेपेला त्यांनी डाव्या हाताच्या एका फटक्यानं सगळ्या गुंड्या टेबलाखाली उडवल्या. "हाव!" त्या ओरडल्या. याचा अर्थ लिहून ठेवायची गरज नव्हती.

गुंड्या गोळा करताना मला वाटलं, चूक माझी आहे. सफरचंदाच्या जागी खुरपं आणायला मला दुसरा आठवडा लागला होता, आणि गुंड्यांच्या जागी काय आणावं हे तर समोर बसलेलं होतं. मी भागवतला टोळीतल्या अकरा जणींचे फोटो आणायला सांगितले.

पुढच्या वेळी टेबलावर मी कापडाचे तीन तुकडे अंथरले. हिरवा म्हणजे सोयाबीनचं रान, पांढरा कापसाचं, पिवळा हळदीचं. "मावशी, आज सोयाबीनला पाच बाया, कापसाला चार, हळदीला दोन. तुम्ही वाटणी करा. पण ठेवताना बाईचं नाव आणि रानाचं नाव, दोन्ही बोलायची."

त्या पहिल्यांदा माझ्या खोलीत ताठ बसल्या. फोटो एकेक करून बघितले. एका फोटोवर बोट टेकवून बराच वेळ थांबल्या.

"म... मथुरा. कापूस."

दोन शब्द, एकापुढं एक, आणि मी पहिला आवाज न देता. तिसऱ्या-चौथ्या बाईला त्या अडल्या, तेव्हा मदत म्हणून मीच चंद्रकलाचा फोटो उचलला आणि कापसात अनिताशेजारी ठेवला. कौसाबाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

"न्हाई!"

त्यांना स्वतःलाच तो शब्द ऐकून धक्का बसला. भागवत मागं बसला होता, तो उठूनच उभा राहिला. मग हसायला लागला. "मॅडम, बरोबर हाय तिचं. त्या दोघी दोन वर्सांपासून एकमेकीशी बोलंनात. एका रानात घातल्या तर खुरपं तणाला लागायचं न्हाई, एकमेकीला लागंल."

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. पुढच्याच वेळी हाव परत आला आणि कित्येक दिवस ठाण मांडून बसला. पण आम्ही वाटणी सोडली नाही. मी मध्येच सांगायचे, "कापसाच्या रानात पाऊस झाला. पाय घालता येत नाही. आता?" सुरुवातीला त्या गोंधळायच्या आणि पुढची बाई पुन्हा कापसातच ठेवायच्या. मग थोडं थांबून, कापसातल्या चौघींना उचलून बाजूला घ्यायला शिकल्या. मग कुणाला कुठं हलवलं ते तोंडानं सांगायला शिकल्या. मग मी दोन अडचणी एकदम घालायला लागले. अनिताचं लेकरू आजारी आहे आणि हळदवाल्याला दोनच्या जागी तीन बाया पाहिजेत. त्या माझ्याकडं अशा बघायच्या, जणू मी मुद्दाम त्यांचा दिवस नासवायला निघालेली शेतकरीण आहे. पण डोळ्यांत चमक असायची.

ओठावरचा हाव अडवायला मी त्यांना एक युक्ती शिकवली होती. प्रश्न ऐकला की आधी गुडघ्यावर हात दाबायचा, एक श्वास घ्यायचा, मग बोलायचं. ती त्यांना पटली नाही. त्यांनी स्वतःची युक्ती काढली. विचारणाऱ्यापुढं तळहात उभा करायचा आणि म्हणायचं, "थांब." हा शब्द त्यांनी टोळीतल्या बायकांना हजारदा म्हटलेला होता, त्यामुळं तो न अडता यायचा. आणि तो माझ्या युक्तीपेक्षा शहाणा होता. माझ्या युक्तीत एकट्या कौसाबाई थांबणार होत्या, त्यांच्या युक्तीत समोरच्यालाही थांबावं लागत होतं. घरातल्यांनाही मी सांगितलं, विचारताना टीव्ही बंद करा, एकानंच विचारा, आणि तळहात वर गेला की दुसरं काही बोलू नका. सुनीता म्हणाली, "मॅडम, आत्या बऱ्या होत्या तवा बी असंच होतं. त्यांनी हात वर केला की टोळी गप."

असं वर्षभर होत आलं असेल, तेव्हा एका दुपारी वर्षा एकटीच माझ्या खोलीत आली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, अंगावर कॉलेजचाच पोशाख होता. बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

"मॅडम, माझी सुपारी फुटायली येत्या गुरुवारी."

मी अभिनंदन करायला तोंड उघडलं, पण तिचा चेहरा बघून थांबले. तिनं सगळं सांगितलं. तिचे थोरले काका, म्हणजे कौसाबाईंचे थोरले दीर, यांनी वालूरकडचं एक स्थळ आणलं होतं. वडील गेल्यापासून काकांनीच या घराकडं पाहिलेलं. माणूस मनाचा चांगला. त्यांनी रीतीप्रमाणे येऊन कौसाबाईंना विचारलं, "पोरगी द्यायची ना?" कौसाबाई हाव म्हणाल्या. काकांनी पेढे वाटले.

"तुला मुलगा पसंत नाही का?" मी विचारलं.

"तसं न्हाई. एकदा बोलले मी त्याच्याशी. बरा हाय. पण त्यांना लगीन लगेच करायचंय अन् माझी परीक्षा ऱ्हायली. मी काकाला म्हणलं, आईला नीट इचारा. काका म्हणले, इचारलं की, हाव म्हणली." तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "मॅडम, तुमाला तिच्या हावमधलं कळतं. तुमी सांगा, तो हाव खरा होता का?"

मला माहीत नव्हतं. मी तिथं नव्हते आणि असते तरी छातीठोकपणे सांगितलं नसतं. कौसाबाई काय म्हणाल्या असतील याचा अंदाज मला बांधता आला असता, आणि तो बोलून दाखवायचा मोहही झाला. पण वर्षभर ज्या बाईचं बोलणं परत आणायला मी धडपडत होते, तिच्या वतीनं मीच बोलून मोकळी झाले असते तर त्या धडपडीला काय अर्थ होता? मी वर्षाला म्हणाले, "मावशींच्या मनातलं मला सांगता येणार नाही. पण त्यांना नीट विचारायचं कसं, तेवढं मी बघते. काकांना मात्र बोलाव. विचारायचं त्यांनीच."

बुधवारी मी त्यांच्या घरी गेले. काका आधीच येऊन बसले होते. त्यांना माझं येणं आवडलेलं नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "मॅडम, घरातल्या गोष्टीत दवाखाना कशाला?"

"दवाखाना नाही, काका. फक्त विचारायची पद्धत." मी टीव्ही बंद करायला सांगितला. सगळ्यांना खाली बसवलं. कौसाबाईंच्या पुढं एका ताटात सुपारी ठेवली आणि शेजारी वर्षाची अभ्यासाची वही. मग आधी साधी गोष्ट विचारली. "मावशी, हा भागवत तुमचा भाऊ ना?"

"हा..." त्यांनी तळहात उभा केला. "थांब." एक श्वास. "न्हाई. पोरगा."

काका जरा पुढं सरकले. मी अजून दोन-तीन गोष्टी तशाच विचारल्या, एक खरी, एक खोटी. एकदा त्या चुकल्या, बाकी बरोबर आल्या. मग मी काकांकडं पाहिलं.

"कौसाबाई," काका म्हणाले, आणि नेहमीपेक्षा हळू म्हणाले, "वर्षाची सुपारी उद्या फोडायची का?"

"हाव," कौसाबाई म्हणाल्या.

"झालं की!" काकांनी मांडीवर थाप मारली.

कौसाबाईंचा तळहात वर गेला. "थांब."

त्या ताटाकडं बघत होत्या. डाव्या हातानं त्यांनी वही उचलली आणि स्वतःसमोर ठेवली. मग ताट सरकवून वहीच्या पलीकडं नेलं. "आधी," त्या म्हणाल्या. "आधी... प... प..." तो शब्द माझ्या जिभेवर होता. मी दात ओठात रुतवले. सुनीताही बोलायला गेली, भागवतनं तिचा हात दाबला. किती वेळ गेला कोण जाणे. "परीक्षा," कौसाबाई म्हणाल्या. मग सुपारीवर बोट ठेवलं. "मंग ही."

काका म्हणाले, "म्हणजे स्थळ नको का तुमाला?"

"पोरगा... बरा," कौसाबाई म्हणाल्या. "लगेच... न्हाई."

एवढं बोलून त्या दमल्या होत्या. कपाळावर घाम आला होता. मला वाटलं संपलं. पण त्यांनी पुन्हा हात वर केला, या वेळी काकांच्या दिशेनं, आणि मग तो हात वळवून दाराशी बसलेल्या वर्षाकडं नेला.

"हिला इचारा."

काकांनी मान वळवून वर्षाकडं पाहिलं. मीही पाहिलं. आईला नीट विचारावं म्हणून आम्ही सगळा घाट घातला होता, पण त्या अंगणात पोरीला समोर बसवून कुणी विचारलेलं नव्हतं, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. वर्षा रडायला लागली. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, "बरं. सांगतो त्यांना, थांबा म्हणून."

ती मंडळी थांबली नाहीत. त्यांना त्याच हंगामात लग्न उरकायचं होतं, सोयरीक मोडली. काका दोन-तीन महिने या घराकडं फिरकले नाहीत. भागवतही माझ्याशी जरा तुटक वागायला लागला, आणि त्याचं चूक होतं असं मला वाटत नाही. मी स्वतः कित्येक दिवस अस्वस्थ होते. एकदा तसं कौसाबाईंजवळ बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या," म्हणाल्या. वर्षा परीक्षा पास झाली आणि परभणीतच एका दवाखान्यात नोकरीला लागली. लग्न अजून व्हायचंय. काका पुन्हा स्थळं आणायला लागले आहेत, आता मात्र आधी तिला फोन करतात.

कौसाबाई पूर्वीसारख्या झाल्या का, असं मला लोक विचारतात. नाही झाल्या. लांब वाक्य त्यांना कधी आलं नाही. फोनवर तर अजूनही त्या हतबल असतात, कारण फोनवरच्या माणसाला तळहात दिसत नाही. शेतकऱ्यांचे फोन सुनीता घेते आणि कुणाला किती बाया पाहिजेत ते त्यांना सांगते. वाटणी मात्र त्याच करतात, बाजेवर बसून, एकेक नाव शोधत. बायका थांबायला शिकल्या आहेत. एकदा त्यांना कापूस म्हणायचं होतं आणि तोंडून हळद निघालं. सहा जणी मुकाट्यानं हळदीच्या रानाकडं चालू लागल्या. थोड्या वेळानं कौसाबाईंच्या ध्यानात आलं, आणि भागवतला मोटारसायकल काढून त्यांना ओढ्यापासून परत आणावं लागलं. मथुरा मला सांगत होती, "आमाला कळलं होतं हो, हळदीत काम न्हाई म्हणून. पण कौसाबाईनं सांगितलं, मंग कामून इचारायचं?" ती हे हसत सांगत होती आणि मी वहीत लिहीत होते की चूक कुणी दाखवून न देता त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आली. माझ्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट होती.

शब्दांनी त्यांची मुकादमी जागी केली की मुकादमीनं शब्द ओढून आणले, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. कदाचित काळानंच दोन्ही थोडंथोडं परत दिलं असेल. माझ्या नोंदी तीन वह्या भरून आहेत, आणि त्या वाचताना मला उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त सापडतात. त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येक माणसाला मी पहिल्याच दिवशी विचारते, तुमचा दिवस कसा जायचा, आधी काय करायचात, मग काय. किराणा दुकानदार आला तर त्याच्या फळ्या मांडते, शिंपी आला तर मापं. कधी जमतं, कधी नाही.

गेल्या आषाढात त्यांची माझ्याकडची शेवटची खेप झाली. खुरपणीचे दिवस तोंडावर होते, आता दर आठवड्याला परभणीला येणं होणार नव्हतं. घरी काय काय करायचं ते मी भागवतला समजावत होते. तो औषधं आणायला खाली गेला आणि खोलीत आम्ही दोघीच उरलो. कौसाबाई माझ्याकडं टक लावून बघत होत्या.

"तुमी," त्या म्हणाल्या, "तुमी... कुठल्या?"

मी लिहिता लिहिता थांबले. इतक्या दिवसांत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या खोलीत प्रश्न मी विचारते, समोरचा उत्तर शोधतो. कुणी मला काही विचारेल, असं माझ्या कुठल्याच नोंदीत नव्हतं.

"जिंतूरची," मी म्हणाले.

"आई?"

"आहे ना. तिथंच असते."

"एकटी?"

"भाऊ पुण्याला आहे. हो, एकटीच."

त्यांनी जरा वेळ घेतला. "कधी... गेलत्या?"

मी आठवून पाहिलं. "संक्रांतीला."

माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली, आणि मला लाज वाटली. मग त्यांचे ओठ हलायला लागले. मी वाट पाहिली.

"रविवारी," त्या म्हणाल्या. "जा. सकाळची... एस्टी." पुन्हा थांबल्या, बोटं मोजल्यासारखी केली. "दोन दिस."

"मावशी, सोमवारी माझ्याकडं पेशंट असतात. चार जण आहेत."

त्यांनी माझ्या टेबलावरच्या डायरीवर बोट ठेवलं, आणि तेच बोट पुढच्या पानावर नेलं. "मंगळवार," म्हणाल्या.

खालून भागवतची हाक आली. त्या उठल्या, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेल्या आणि जिना उतरायला लागल्या. मी डायरी उघडली आणि सोमवारची चारही नावं खोडून मंगळवारी लिहिली.

रविवारी सकाळच्या एस्टीनं मी जिंतूरला गेले. आई दारात बसून सुपात तुरीची डाळ निवडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"आज कसं काय अचानक?" तिनं विचारलं. "सुट्टी हाय का?"

"नाही," मी चपला काढत म्हणाले, "मला पाठवलंय."